ज्याचे श्रेय त्यास

अलिबाग तालुक्यातील एका वाचक-भगिनींचे पत्र या महिन्यात आमच्याकडे आले आहे. त्यांची कन्या पीएच.डी.च्या पदवीसाठी प्रबंध लिहीत आहे. विषय तालुक्यातलाच, चरीच्या शेतकरी संपाचा. चार वर्षे त्या मुलीने गावोगाव हिंडून संपात उतरलेल्या शेतकऱ्यांच्या मुलानातवंडांच्या आठवणी लिहून घेतल्या, जुनी वर्तमानपत्रे चाळली, आणि तीनशे पानांचा प्रबंध सिद्ध केला. तो विद्यापीठात गेला तेव्हा संगणकीय तपासणीत त्यातील शेकडा बावीस मजकूर अन्यत्र प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी जुळतो असे निघाले आणि प्रबंध परत आला. भगिनी लिहितात, "आमच्या घरात कोणी दुसऱ्याच्या तबकातील सुपारीही न विचारता उचललेली नाही. मग माझी मुलगी चोर कशी ठरली? आणि ती चोर नसेल, तर हा डाग धुवावयाचा कसा?"

हा प्रश्न आज पुष्कळ घरांचा झाला आहे. मुलामुलींनी मोठ्या पदव्या घ्याव्यात अशी हौस ज्या घरांत आहे, त्या प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा तो येणार. म्हणून या खेपेस आम्ही त्याचाच विचार करण्याचे योजिले आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यास आळा घालण्यासाठी विनियम जाहीर केले. दुसऱ्याचे लेखन किंवा कल्पना घेऊन ती आपलीच म्हणून पुढे करणे, अशी या दोषाची व्याख्या तेथे केली आहे. प्रबंधातील जुळणी शेकडा दहापर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, प्रबंध सुधारून पुन्हा सादर करावा लागतो. चाळीसच्या वर साठपर्यंत असेल तर सुधारित प्रबंध देण्यास एक वर्षाची बंदी येते. साठच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. पदवी मिळाल्यावर चौर्य सिद्ध झाले तरी सुटका नाही. ती पदवी काही काळ स्थगित ठेवता येते. प्रबंध आपण स्वतः लिहिला असून तो चौर्यमुक्त आहे असे विद्यार्थ्यास लिहून द्यावे लागते आणि मार्गदर्शकासही तसे प्रमाणपत्र द्यावे लागते.

यावरून एक गोष्ट भगिनींच्या ध्यानात येईल. शेकडा बावीस हा पहिल्या पायरीचा आकडा आहे. मुलीची चार वर्षे बुडालेली नाहीत. तिच्यापुढे सुधारणेची वाट मोकळी आहे. परंतु ही सुधारणा म्हणजे बावीसचे नऊ करणे नव्हे, हे त्या मुलीने पक्के समजून घेतले पाहिजे. कारण संगणक जुळणी ओळखतो, चोरी ओळखीत नाही. हे दोन शब्द पुकारले जातात एका दमात, पण त्यांचे अर्थ निराळे आहेत. अवतरणचिन्हांत घालून, लेखकाचे नाव देऊन घेतलेला उतारा, संदर्भग्रंथांची यादी, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांची कलमे, शास्त्रातील रूढ सूत्रे हे सर्व तपासणीतून वगळावे असे विनियमच सांगतात. सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळणारे सलग चौदापर्यंत शब्दही सोडून दिलेले आहेत. म्हणून मार्गदर्शकांसमवेत बसून, रंगविलेली प्रत्येक ओळ पाहून तीन ढीग करावेत. जे योग्य रीतीने उद्धृत केलेले असून यंत्राने उगीच धरले, तो पहिला. जेथे ग्रंथाचे नाव दिले आहे, पण शब्द ग्रंथकाराचे असूनही अवतरणचिन्हे नाहीत, तो दुसरा. जेथे नावही नाही आणि चिन्हेही नाहीत, तो तिसरा. पहिला ढीग निर्दोष आहे, दुसरा निष्काळजीपणाचा आहे. तिसऱ्याची मात्र लाज वाटली पाहिजे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाविषयी विद्यार्थ्यांचा मोठा गैरसमज असतो. शब्द बदलले की मजकूर आपला झाला, असे त्यांस वाटते. एक उदाहरण आम्हीच रचून देतो. समजा, खारेपाटाविषयीच्या एखाद्या ग्रंथात असे वाक्य आहे: "भरतीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून गावकरी मिळून बांध घालीत, आणि बांध फुटला म्हणजे रात्री-अपरात्री सारा गाव धावून जाई." विद्यार्थी लिहितो: "उधाणाचे पाणी शिवारात शिरू नये यासाठी ग्रामस्थ एकत्र येऊन बांध बांधत, व तो तुटल्यास दिवसरात्र न पाहता सर्व गाव धावत असे." भरतीचे उधाण झाले, शेताचे शिवार झाले; पण वाक्याचा सांगाडा, विचारांचा क्रम आणि निरीक्षण ही तिन्ही पहिल्या ग्रंथकाराचीच राहिली. परक्याच्या अंगरख्याची बटणे बदलल्याने अंगरखा आपला होत नाही. याउलट जो विद्यार्थी लिहील की, "बांधाची राखण ही एकेकट्या कुळाची बाब नसून साऱ्या गावाची होती, असे अमुक ग्रंथकार अमुक पृष्ठावर नमूद करतात, मी ज्या कुटुंबांच्या आठवणी घेतल्या, त्यांपैकी काहींनी याला दुजोरा दिला, काहींनी मात्र खोताच्या धाकाने जावे लागे असे सांगितले," त्याने उसने किती घेतले आणि पदरचे किती घातले हे वाचकास स्वच्छ दिसते. संशोधन संशोधन म्हणतात ते हेच. दुसऱ्याचे नाव दिल्याने आपले काम उणे पडत नाही. उलट आपले काम कोठून सुरू झाले हे त्यामुळेच कळते.

परंतु नियम, शेकडेवारी आणि शिक्षा एवढ्यावरच हा विषय संपविला, तर तो केवळ धाकाचा विषय होईल. ऋणनिर्देश का करावा, याचे खरे उत्तर रायगड जिल्ह्यातीलच एका गावाने दिले आहे. पेण तालुक्यातील वरसई हे ते गाव. तेथील विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, या आशेने ते १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून, त्यांनी ती सारी हकीकत लिहून काढली. ती वैद्यांनी १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने छापली. मराठी वाचकांनी ती डोक्यावर घेतली. झाशीच्या राणीविषयी लिहिणाऱ्या कित्येकांनी तिचा आधार घेतला.

तथापि वैद्यांनी जे छापले ते जसेच्या तसे गोडसे भटजींचे नव्हते. त्यांनी भाषा फिरविली होती, काही भाग गाळला होता, काही ठिकाणी आपल्या हाताने रंग भरला होता. काळ इंग्रजी अमलाचा होता आणि संपादनाविषयीच्या कल्पनाही त्या वेळी निराळ्या होत्या; म्हणून वैद्यांस आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. पण परिणाम असा झाला की, जवळजवळ साठ वर्षे लोक गोडसे भटजींच्या नावावर जी वाक्ये उतरून घेत होते, त्यांतील काही त्यांची नव्हतीच. सुदैवाने मूळ हस्तलिखित नष्ट झाले नाही. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले. त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ संहिता प्रसिद्ध केली, तेव्हा वरसईच्या भटजींचा स्वतःचा आवाज प्रथमच छापील पानावर उमटला.

आता विद्यार्थ्याने विचार करावा. प्रबंधाच्या तळटीपेत नुसते "गोडसे, माझा प्रवास" एवढे लिहिले, तर तो आधार खरा की खोटा? १९०७ ची प्रत असेल तर शब्द वैद्यांचेही असू शकतात. १९६६ ची असेल तर ते गोडसे भटजींचे. म्हणून संपादकाचे नाव, आवृत्तीचे वर्ष आणि पृष्ठांक यांना महत्त्व आहे. पुष्कळ विद्यार्थी हा तपशील म्हणजे विद्यापीठाने लादलेला कारकुनी जाच समजतात. वास्तविक ज्याने जे म्हटले नाही ते त्याच्या तोंडी घालू नये, यासाठी घेतलेली ती खबरदारी आहे. दुसऱ्याचे आपले म्हणणे ही चोरी, तर आपले किंवा तिसऱ्याचे दुसऱ्याच्या नावावर घालणे हाही तेवढाच मोठा अन्याय. काटेकोर दाखला या दोहोंपासून वाचवितो.

त्याच वरसईशी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचेही नाव जोडलेले आहे. त्यांचा जन्म तेथलाच. राजवाडे यांनी घरोघरीची दफ्तरे, माळ्यावरचे रुमाल आणि वाळवी लागलेले कागद धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने बावीस खंड प्रसिद्ध केले. त्यांतील पहिला १८९८ साली निघाला. त्यांच्या मतांवर वाद पुष्कळ झाले आणि अद्यापही होतात. परंतु त्यांनी मूळ पत्रेच छापून लोकांपुढे ठेविली, यामुळे त्यांच्याशी वाद घालणाऱ्यालाही हत्यार त्यांच्याच खंडांतून मिळाले. आपले अनुमान चुकीचे ठरविण्याचे साधन जो स्वतःच वाचकाच्या हाती देतो, त्याच्या प्रामाणिकपणाविषयी आणखी कोणते प्रमाणपत्र हवे? तळटीपेचे कामही हेच असते. "माझ्यावर विश्वास ठेवा" असे ती म्हणत नाही. "हा पत्ता घ्या, आणि स्वतः जाऊन पाहा" असे म्हणते.

इतिहासाचे सोडा, शास्त्रांतही हाच न्याय आहे, आणि त्याचे उदाहरण अलिबागेच्या किनाऱ्यावरच उभे आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे १८४१ पासून होत असत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युत्प्रवाहामुळे सूक्ष्म उपकरणे बिघडतील म्हणून वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागेस हलविली. परंतु मुंबईची नोंद एका दिवशी मिटवून अलिबागेची दुसऱ्या दिवशी उघडली, असे त्यांनी केले नाही. सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे चालू ठेविली, म्हणजे जुन्या नोंदींचा नव्या नोंदींशी सांधा नेमका कोठे व कसा जुळतो हे पुढच्या माणसास कळावे. या काळजीचे फळ काय मिळाले पहा. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरील स्फोटामुळे पृथ्वीवर जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले, त्याची कुलाब्यास झालेली नोंद शास्त्रज्ञांनी पुढे तपासली आणि २००३ साली त्यावरचा निबंध जगापुढे ठेविला. नोंद कोणत्या जागी, कोणत्या वेळी, कोणत्या उपकरणाने घेतली हे लिहिलेले होते, म्हणूनच ती जवळजवळ दीडशे वर्षांनी उपयोगी पडली. ते लिहिलेले नसते तर ते नुसते आकडे झाले असते. आणि त्या निबंधकारांनीही आकडे आपले म्हणून मिरविले नाहीत. कुलाबा वेधशाळेचे नाव त्यांनी घेतले.

येथेच एका लहानशा, पण ठेच लागण्याजोग्या दगडाकडे लक्ष वेधावेसे वाटते. कुलाबा म्हणजे मुंबईचा दक्षिण टोकाचा भाग. कुलाबा म्हणजे अलिबागेच्या समुद्रातला आंग्र्यांचा किल्ला. आणि १९८१ साली 'रायगड' हे नाव मिळण्यापूर्वी हा सबंध जिल्हाही कुलाबाच होता. जो विद्यार्थी मूळ ग्रंथ न उघडता कोणाच्या तरी लेखातून "कुलाब्याच्या नोंदी" एवढेच उचलतो, तो मुंबईची निरीक्षणे अलिबागेच्या किल्ल्यावर नेऊन बसवितो. नकलेची हीच खूण आहे. नक्कल करणाऱ्याबरोबर मूळची चूकही वाटचाल करते, आणि परीक्षक तिच्या मागावर सहज येतो.

नकलेवरून नक्कल कशी होते याचे आणखी एक स्थळ जवळच आहे. बेने इस्रायल समाजाचे पूर्वज अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, त्यांतील सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्या समाजाची परंपरागत कथा आहे. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी ती आपल्या इंग्रजी इतिहासात सविस्तर दिली. तो ग्रंथ त्यांच्या पश्चात १९३७ साली छापला गेला. आज ही कथा कितीतरी पुस्तकांत आढळते. परंतु दहा पुस्तके म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. नऊ जणांनी एकाचेच ऐकले असेल, तर साक्षीदार एकच. म्हणून परंपरा असेल तर "अशी परंपरा आहे" असे लिहावे, कोणी नोंदविली त्याचे नाव द्यावे, आणि मूळ ग्रंथ आपण पाहिला नसेल तर ज्याच्याकडून घेतले त्याचेच नाव सांगावे. मूळ न पाहता मुळाचा दाखला देणे म्हणजे काशीस न जाता गंगेची कावड वाटण्यासारखे आहे.

हा सगळा खटाटोप पाश्चात्त्य विद्यापीठांनी आपल्या गळ्यात बांधला, असा काहींचा आक्षेप आम्ही ऐकला आहे. तो बरोबर नाही. महाराष्ट्राशी ज्याच्या घराण्याचा संबंध होता तो राजशेखर दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेला. त्याने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात दुसऱ्याचे शब्द आणि दुसऱ्याचा अर्थ हरण करण्याचे किती प्रकार आहेत याची अध्यायच्या अध्याय चर्चा केली आहे. इतर चोऱ्या काळाबरोबर विसरल्या जातात, परंतु वाणीच्या चोरीचा कलंक मुलानातवांपर्यंत पुसला जात नाही, हे मत तेथे नोंदलेले आहे. आणि गमतीची गोष्ट अशी की, चोरी करणारे स्वतःचे समाधान कोणकोणत्या सबबींनी करतात, त्यांची यादीही तेथे दिली आहे: तो लेखक अप्रसिद्ध आहे; तो दूरदेशीचा आहे; त्याचा ग्रंथ आता कोणाच्या पाहण्यात नाही; त्याची भाषाच निराळी. हजार वर्षे झाली, सबबी मात्र त्याच राहिल्या. आजचा विद्यार्थी फक्त "इंटरनेटवर सगळ्यांसाठीच होते" एवढी एक भर घालतो.

याहूनही जवळचा दाखला आमच्या वाचकांच्या देवघरातच आहे. मंत्र म्हणण्यापूर्वी त्याचा ऋषी कोण, छंद कोणता, देवता कोणती आणि विनियोग कशासाठी, हे सांगण्याची आपली रीत आहे. मुंज झालेल्या बटूस अभिवादन शिकवितात, त्यात तो आधी प्रवरातील ऋषींची नावे घेतो, मग गोत्र, सूत्र आणि शाखा सांगतो, आणि स्वतःचे नाव अगदी शेवटी उच्चारतो. हे ज्ञान माझ्यापासून सुरू झाले नाही, माझ्यापर्यंत आले, एवढेच तो त्यातून कबूल करीत असतो. ज्या घरांत हे शिकविले जाते, त्या घरांतील मुलास तळटीप परकी वाटावी, हे नवल नव्हे काय? मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ऋषींची नावे घेणाऱ्यांनी शेतकऱ्याचे नाव गाळावयाचे, असे चालणार नाही. चरीच्या संपासारख्या विषयात ज्यांच्या आठवणींवर प्रबंध उभा राहतो, तेही ग्रंथकारांइतकेच धनी आहेत. १९३३ ते १९३९ पर्यंत ज्या कुळांनी शेती न करता उपासमार सोसली, नारायण नागू पाटील यांच्या पाठीशी जी उभी राहिली, ज्यांच्या गाऱ्हाण्यांतून १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात आले, त्यांच्या घरातील म्हाताऱ्या आजीने सांगितलेली हकीकत "असे समजते" या दोन शब्दांत गुंडाळणे म्हणजे त्यांचे पीक पुन्हा एकदा खोताच्या कोठारात नेऊन टाकणे होय. त्यांची संमती घ्यावी, संमती असेल तर नाव, गाव आणि मुलाखतीची तारीख द्यावी. नाव नको असेल तर तसे नमूद करावे.

आता प्रत्यक्ष रीत. चोरी बहुधा लिहिताना होत नाही, टिपणे काढताना होते. वहीत उतारा उतरून घेतला, पृष्ठांक लिहिला नाही, अवतरणचिन्हे घातली नाहीत; आठ महिन्यांनी वही उघडली तेव्हा ते वाक्य कोणाचे हे लिहिणाऱ्यासच आठवेना. म्हणून ग्रंथ उघडताच प्रथम ग्रंथकार, संपादक, ग्रंथनाम, आवृत्ती, प्रकाशक, स्थळ आणि वर्ष लिहावे, आणि मगच वाचावयास बसावे. परक्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर तेथल्या तेथे चिन्हे घालून पृष्ठांक द्यावा. सारांश घेतला तर "सारांश" असे लिहावे. आपला विचार सुचला तर तो निराळ्या शाईने किंवा निराळ्या पानावर लिहावा. प्रबंध लिहिताना ग्रंथ मिटून ठेवावा, समजलेले आपल्या शब्दांत लिहावे, आणि मग ग्रंथ उघडून ताडून पाहावे. संकेतस्थळावरून घेतले तर कोणत्या दिवशी पाहिले ती तारीख द्यावी, कारण तेथील मजकूर बदलतो. अलिबाग हे रायगड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे, अशा सर्वविदित गोष्टींस आधार देण्याची गरज नाही. पण आकडा, मत, शोध, नकाशा आणि वादग्रस्त घटना यांस तो दिलाच पाहिजे. स्वतःचा पूर्वी छापलेला लेख प्रबंधात घातला तर तेही सांगावे.

दोन चोरवाटा अशा आहेत की, तेथे तपासनीस यंत्र बहुधा फसते. इंग्रजी ग्रंथातील परिच्छेद मराठीत उतरविला की यंत्रास तो सहसा सापडत नाही. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमधील मजकूर या रीतीने मराठी प्रबंधांत सहज शिरू शकतो. यंत्रास सापडला नाही म्हणून तो आपला होत नाही, भाषांतरही उसनेच. दुसरी वाट अगदी नवी आहे. कृत्रिम बुद्धीची यंत्रे आता प्रश्न विचारताच पानेच्या पाने लिहून देतात. ती कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांची नावे, पृष्ठांकांसह आणि मोठ्या आत्मविश्वासाने पुरवितात. असा दाखला न पडताळता प्रबंधात घातला, तर ती नुसती चोरी राहत नाही, खोटी साक्ष होते. आपण हातात न धरलेला ग्रंथ आपल्या यादीत नसावा, हा एक नियम पाळला तरी अर्धे संकट टळते.

त्या भगिनींस आमचे उत्तर आता सरळ आहे. तुमची मुलगी चोर आहे किंवा नाही, हे बावीस या आकड्यावरून ठरत नाही. ते त्या तीन ढिगांवरून ठरेल, आणि ते तिने स्वतःच करावेत. पैसे घेऊन वाक्ये फिरवून देणारे लोक हल्ली मिळतात, त्यांच्या दारी जाऊ नका. मिळालेल्या मुदतीत प्रत्येक उसन्या वाक्यापुढे त्याच्या धन्याचे नाव लागू द्या, आणि ज्या ठिकाणी नाव लावल्यावर तिचे स्वतःचे काहीच उरत नाही असे दिसेल, ते पान खुशाल फाडू द्या. तीनशे पानांची अडीचशे झाली तरी चालतील. पीएच.डी.चे प्रबंध आता गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' भांडारात ठेवण्याची पद्धत आहे, आणि तेथे ते कोणासही वाचता येतात. उद्या चरीचाच एखादा नातू तो उघडून आपल्या आजीची हकीकत शोधील, तेव्हा ती त्याला आजीच्या नावासह सापडली पाहिजे.

आणि एक गोष्ट सर्वच आईबापांस. ही सवय विद्यापीठात लागत नाही, घरात लागते. चौथीच्या मुलाचा प्रकल्प वडील संगणकावरून छापून आणतात, निबंध मावशी लिहून देते, चित्र शेजारची ताई काढते, आणि खाली नाव मुलाचे पडते. शाळेत शाबासकी मिळते आणि घरात पेढे वाटले जातात. वीस वर्षांनी विद्यापीठाने त्याच गोष्टीस निराळे नाव दिले म्हणजे आपण चकित होतो. त्यापेक्षा मुलाचे चित्र वाकडेतिकडे होऊ द्यावे, निबंध चार ओळींचा होऊ द्यावा, आणि त्याच्या खाली त्याच्याच हातून एक ओळ लिहवून घ्यावी: ही माहिती मला अमुक पुस्तकात मिळाली, आणि अमुक गोष्ट मला आजोबांनी सांगितली. ती ओळ लिहिणारे मूल पुढे प्रबंध लिहील तेव्हा त्यास यंत्राची भीती बाळगावी लागणार नाही.